रंग मारूनही गंज त्याच जागी परत येतो? किनाऱ्यावरच्या गाडीची तपासणी आणि घरगुती दुरुस्ती

दिवाळीच्या सुमारास डेंटिंग-पेंटिंग करून आणलेली गाडी पुढच्या गणपतीपर्यंत ठीक दिसते. मग पाऊस ओसरतो, गाडी धुतली जाते, आणि मागच्या मडगार्डच्या कडेला, जिथे काम केलं होतं नेमक्या त्याच बोटभर जागेत रंग फुगलेला दिसतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्यात गाडी ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. घरच्या आणि वाडीतल्या गाड्यांवर हे काम मी वर्षानुवर्षं करत आलोय. परत आलेला गंज उकरला की खाली बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते: पत्र्याच्या खड्ड्यांत राहिलेलं मीठ, नाहीतर पत्र्यामागे साचणारं पाणी. रंग हलका होता, प्रायमर स्वस्तातला होता, ही कारणं त्याच्या मागून येतात. म्हणून या लेखात रंगाचा डबा बऱ्याच उशिरा उघडलाय.

लक्षणं

सर्रास दिसणारं लक्षण म्हणजे रंगाखालचा फोड. वरून रंग शाबूत असतो, छटाही बदललेली नसते, फक्त बोट फिरवलं की उंचवटा लागतो. नखाने दाबला तर कुरकुरतो, फुटला की आत तपकिरी भुगा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. फोड जेवढा दिसतो त्याच्या चहूबाजूंनी रंगाखालून गंज पुढे सरकलेला असतो, हे घासताना लक्षात ठेवायचं आहे.

बाकीची लक्षणं अशी:

– दाराच्या किंवा डिकीच्या खालच्या कडेवरून, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी उतरणारे तपकिरी ओघळ
– दार लावताना किंवा वळणावर दारात पाणी डचमळल्याचा आवाज
– पायाखालचा मॅट कायम ओलसर, काचा बंद ठेवल्या की कुबट वास
– स्टेपनीच्या खळग्यात तांबूस पाणी
– पूर्वी पुटी (खड्डे भरायचा लगदा) भरलेल्या जागेभोवती उमटलेली गोलाकार भेग
– बॉनेटवर खडी लागून उडालेला रंग आणि त्या टवक्याभोवती तपकिरी कडं

शेवटचं लक्षण बाहेरून आत जाणाऱ्या गंजाचं. ते सोपं, घरी नीट होतं आणि टिकतं. बाकीची बहुतेक लक्षणं पाणी आत साचून गंज आतून बाहेर येत असल्याची आहेत. अशा जागी बाहेरून कितीही घासलं तरी काम अर्धंच होतं, कारण गंजाची सुरुवात पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला झालेली असते.

मीठ काय करतं

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच गाडीवर घडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतसुद्धा ओले राहतात. त्यामुळे गाडी छपराखाली कोरडी ठणठणीत दिसत असली तरी मीठ बसलेल्या फटीत पत्रा ओला असतो, आणि गंजायला तेवढी ओल पुरते. शिवाय मिठातलं क्लोराइड गंजण्यात खर्च होत नाही. ते तिथेच राहून पुन्हा पुन्हा तेच काम करत राहतं. वरवर घासून रंगवलेली जागा फुगते ती या कारणाने.

सगळ्यात लवकर हे मासे वाहणाऱ्या गाड्यांत दिसतं. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठल्याही बंदरावरच्या गाडीचा मागचा फ्लोअर उचलून बघा. क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी पत्र्याच्या जोडात उतरतं, आणि तिथून ते काढायला कुणी जात नाही. पुळणीवर उतरवलेल्या गाडीचंही तसंच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. लाटेत चाक भिजलं की ते सगळं मडगार्डच्या आतल्या कडेवर जाऊन बसतं.

तपासणी: आधी फुकटातली, मग कष्टाची

१. धुवून बघा. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ सगळीकडे असते, आणि पांढऱ्या गाडीवर तिचा डाग थेट गंजासारखा दिसतो. गाडीच्या शांपूने धुवा, पुसा, डागावर थोडं पॉलिश चोळा. निघाला तर तो मातीचा. सगळ्या बॉनेटवर आणि टपावर एकसारखे बारीक तपकिरी ठिपके असतील, तर आसपास कुठे ग्रिल किंवा गेट बसवताना ग्राइंडर चालला होता का ते आठवा. लोखंडाचे उडालेले कण रंगात रुतून गंजतात, पण खालचा पत्रा तूर्त चांगला असतो. क्ले बारने, म्हणजे रंगावर घासून असे कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, ते निघतात. या दोन्ही ठिकाणी पॉलिश पेपर हातात घेतला तर चांगला रंग उगाच जाईल, म्हणून ही तपासणी पहिली.

२. निचऱ्याची भोकं. माझ्या मते सगळ्या लेखातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम, आणि याला एक पैसा लागत नाही. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरणारच, दाराची रचनाच तशी असते. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला लांबट भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी होते.

भोक साफ करायला तार घेऊ नका, तारेने आतला रंग खरवडतो आणि नवा गंज सुरू होतो. नारळाच्या झावळीचा हीर घ्या, केरसुणीतला एखादा जाडसर. तो वाकतो, आत फिरतो, पण रंगाला ओरखडा काढत नाही. भोकात घालून फिरवत राहिलात की सुरुवातीला काहीच होत नाही. मग एकदम लाल चिखलाची गुठळी सुटते, तिच्यामागे आंब्याच्या मोहराचा कुजलेला चुरा, पानांचे देठ, आणि मग तांबूस पाण्याची धार लागते. ते पाणी हातावर घेऊन बघा. नुसती माती असेल तर पाणी गढूळ आणि मऊ लागतं. गंजाचे पापुद्रे असतील तर ते बोटांत टोचतात, उजेडात काळसर चमकतात. पापुद्रे निघाले म्हणजे आतून पत्रा झिजायला लागलाय.

सगळी भोकं मोकळी झाली की काच वर करून बाहेरून काचेच्या रबराशी एक तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते थोड्याच वेळात प्रत्येक भोकातून थेंबथेंब पडलं पाहिजे. असंच दाराखालच्या लांब पेटीचं, जिला गॅरेजात रनिंग बोर्ड म्हणतात, तिच्या खालच्या भोकांचं. आणि पुढच्या काचेखाली वायपरच्या जाळीत साठलेल्या पाल्याचं. झाडाखाली गाडी लावत असाल तर जाळीतला पाला पावसाआधी आणि पावसात एकदा तरी काढलाच पाहिजे.

३. मडगार्डची आतली कड. मागच्या चाकावर मडगार्डचा पत्रा आत दुमडलेला असतो. त्या दुमडीच्या वर बोट घालून फिरवा. तिथे बसलेली लाल माती वरून सुकलेली दिसते, आत बोट रुतवलं की भर एप्रिलातही ओल लागते. ओल धरणारी माती आणि तिच्यात मीठ, हे पोटीस वर्षभर पत्र्याला चिकटून राहतं. पाण्याच्या पाइपने आतून, खालून वर धार मारून ती काढा. पुढच्या चाकामागे प्लास्टिकचं आवरण असेल तर त्याचे स्क्रू काढून मागे बघा, तिथे पानांचा अख्खा थर निघतो.

४. मॅट उचला. खालचा गालिचा दाबून बघा. ओला असेल तर एसी लावला तेव्हाच ओला होतो की पावसात, हे चार दिवस पाहून ठरवा. डावीकडच्या सीटच्या पायाशी आणि फक्त एसी चालवल्यावर ओल येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी बुजलेली असण्याची शक्यता जास्त. ते काम स्वस्तात होतं. पावसात ओल येत असेल तर दाराचं बीडिंग, काचेचं रबर, किंवा फ्लोअरच्या तळाची रबरी बुचं बघायची. गळती बंद होईपर्यंत फ्लोअर रंगवू नका.

५. लोहचुंबक. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगाला चरा जाणार नाही. शंकेच्या जागेवरून आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेवरून फिरवून तुलना करा. एकीकडे घट्ट धरतं आणि दुसरीकडे सुटतं, म्हणजे तिथे आधीच्या कारागिराने जाड पुटी भरली आहे. पुटीखाली पत्रा किती उरलाय हे बाहेरून कळत नाही, म्हणून अशी जागा सोपी समजू नका. बंपर प्लास्टिकचा असतो आणि काही गाड्यांचे पुढचे मडगार्डही. तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.

६. वाजवा, मग टोचा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. बद्द आवाजाच्या जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक अंगठ्याच्या जोराने दाबा. रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, फ्लोअरची कड, मागच्या सस्पेन्शनच्या बैठकी, सगळीकडे. टोक आत गेलं तर रंग जातो म्हणून हळहळू नका. तिथे पत्रा नव्हताच, रंग आणि अंडरकोट (तळाच्या पत्र्याला मारतात तो जाड थर) एकमेकांना धरून होते.

हे बघताना जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. गंजलेल्या जॅक पॉइंटमधून जॅक वर घुसतो आणि गाडी खाली बसते. खालून बघायचं असेल तर गॅरेजच्या पिटवर किंवा लिफ्टवर चढवून घ्या.

इथे थांबा

पुढच्यापैकी काहीही आढळलं तर घरगुती दुरुस्ती इथेच संपते:

– रनिंग बोर्ड, दारामधले खांब, चॅसीचे बीम, सस्पेन्शनच्या किंवा सीट बेल्टच्या बैठकी यांत भोक किंवा मऊ पत्रा. अपघातात हे भाग जीव वाचवतात. पुटीने ते दिसायला भरतात, जोर धरत नाहीत.
– ब्रेकच्या लोखंडी नळीवर फुगलेला गंज. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.
– पेट्रोलच्या टाकीला, तिच्या नळीला किंवा सीएनजी सिलिंडरच्या बैठकीला गंज.
– पुढच्या किंवा मागच्या काचेच्या चौकटीतला गंज. काच गोंदाने चिकटवलेली असते. ती काढल्याशिवाय खालचा गंज निघत नाही आणि काढणं हे सराईताचं काम आहे.
– बोट आरपार जाईल असं भोक, मग ते कुठेही असो.

गॅरेजला गाडी देताना दोन गोष्टी आधी बोलून घ्या. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करायचा, वर पत्रा रिव्हेट करून पुटी फासायची नाही. आणि पुटी भरण्याआधी तुम्हाला बोलावून वेल्डिंग दाखवायचं, निदान फोटो पाठवायचा. वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा रंग जळतो, तेव्हा आतून संरक्षक मेण मारणं हा त्याच कामाचा भाग आहे, वेगळी हौस नाही. गाडी नवी असेल तर हात लावण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचा. पत्रा आरपार गंजण्याविरुद्ध काही कंपन्या वेगळी हमी देतात. विमा मात्र झिजेचा आणि गंजाचा खर्च देत नाही.

घरी करता येईल ते काम

वरच्या तपासण्यांतून सुटलेली, तळहाताएवढी किंवा त्याहून लहान जागा घरी नीट होते. काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात काढू नका, कितीही घाई असली तरी.

दिवसाची वेळही ठरलेली आहे. पहाटे बॉनेटवर दव असतं. दव पूर्ण सुकल्यावर, साधारण नऊच्या पुढे सुरू करा, आणि दुपारी खारे वारे जोर धरायच्या आत प्रायमर किंवा रंगाचा त्या दिवसाचा हात आटपा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो, त्यात मिठाचा अंश कमी. उघड्या पत्र्यावर दुपारचा समुद्राचा वारा बसू देऊन संध्याकाळी रंगवणं म्हणजे मीठ आपणच आत बंद करणं.

घासणं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि तारेच्या ब्रशने सुरुवात. फोडाच्या बाहेर रंग पत्र्याला घट्ट धरेपर्यंत घासत जा, जागा सुरुवातीला दिसत होती त्याच्या दुप्पट होईल, होऊ द्या. ग्राइंडर वापरायचा असेल तर हलक्या हाताने आणि थांबत थांबत. गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो, ग्राइंडर एका जागी ठेवला की तापून तो वाकतो किंवा पातळ होतो. डोळ्यांवर चष्मा, नाकावर एन ९५ मास्क. शेवटी १८० नंबरने रंगाची कड निमुळती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये.

आता पत्रा जवळून बघा. चकचकीत पत्र्यात काळे ठिपके राहिलेले दिसतील. ते डाग नाहीत, खड्डे आहेत, आणि मीठ त्यांच्या तळाशी आहे. पेपर तिथे पोचत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर किंवा कन्व्हर्टर हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. हातमोजे घालून, डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतंच लावा. धुवायला सांगितलं असेल तर नीट धुवा, कारण आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही. संडास साफ करायचं आम्ल चुकूनही वापरू नका. गंज ते झटकन खातं खरं, पण ते हायड्रोक्लोरिक असतं आणि जे क्लोराइड काढायला आपण बसलोय तेच खड्ड्यात भरून ठेवतं. पितळेची भांडी कोकमाने लखलखतात म्हणून काही जण गाडीलाही आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, चोळतात. आगळात मीठ असतं. ते भांड्यांपुरतंच ठेवा.

मीठ धुणं. ही पायरी गॅरेजात बहुतेक वेळा गाळली जाते, आणि गंज परत येतो तो इथून. घासलेली जागा गोड्या पाण्याने, नायलॉनच्या ब्रशने, पुन्हा पुन्हा धुवा. कुठलं पाणी, हे बघा. किनाऱ्यालगतच्या, खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होतं. त्याने धुणं म्हणजे मीठ काढून मीठ घालणं. नळाचं गोडं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, आणि शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने द्या. कॅन महाग नसतो. लगेच कोरड्या फडक्याने टिपा, हेअर ड्रायरने फटी सुकवा.

मग जागा छपराखाली झाकून काही तास, जमलं तर रात्रभर ठेवा. सकाळी भिंगाने बघा. सगळीकडे सारखी फिकट पिवळी झाक आली असेल तर ती हवेतल्या ओलीची. ३२० नंबरचा हलका हात मारला की जाते. पण पत्रा स्वच्छ आणि फक्त खड्ड्यांच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढे नारिंगी ठिपके उमटले असतील, तर खाली मीठ अजून आहे. पुन्हा ब्रश, पुन्हा पाणी. ठिपके यायचे थांबेपर्यंत प्रायमरचा डबा बंदच. खोल खड्ड्यांना दोन-तीन फेऱ्या लागतात, त्यात कंटाळा करू नका. ठिपके थांबूनही खड्डे इतके खोल असतील की दाबल्यावर पत्रा लवतो, तर वरच्या यादीकडे जा आणि थांबा.

प्रायमर. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या, मूळ आणि हार्डनर. ग्रिलला मारतात तो रेड ऑक्साइड इथे नको, वरच्या रंगातल्या थिनरने तो सुरकुततो. साध्या स्प्रेच्या डब्यातला प्रायमर पाणी पूर्ण अडवत नाही. आपल्या हवेत एकट्या त्याच्यावर विसंबू नका. इपॉक्सी लहान जागेला चांगल्या ब्रशने मारता येतो, फवाऱ्याची गरज नाही. दुमडीत, कडेच्या मागच्या बाजूला, जिथे हात पोचेल तिथे सगळीकडे. हार्डनर त्वचेला बाधतो, हातमोजे काढू नका. डब्यावर सांगितलेला वेळ पूर्ण सुकू द्या.

पुटी. ती प्रायमर सुकल्यावर, त्यावर १८० नंबर फिरवून मग भरा. पुटी पाणी शोषते. उघड्या पत्र्यावर थेट भरली आणि वरचा रंग कुठे तडकला तर ती ओल पत्र्यापर्यंत नेते. मध्ये इपॉक्सी असेल तर पत्रा वाचतो. हार्डनर वजनाने साधारण दोन टक्के. आपल्या उन्हात पुटी लवकर आवळते, म्हणून एका वेळी थोडीच कालवा. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. ती कोरडीच घासायची, पाणी लावून घासायची नाही. बारीक छिद्रं राहिली तर एनसी पुटीचा (हार्डनरशिवाय सुकणारी बारीक पुटी) पातळ हात. मग सरफेसर (रंगाआधीचा, घासून सपाट करायचा थर), त्यावर ४०० आणि ६०० नंबर. सरफेसरवर गाडी आठवडाभर उघड्यावर ठेवून रविवारी रंग मारू म्हणू नका. तोही ओल पितो.

रंग. रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. तो घेऊन कलर मिक्सिंगच्या दुकानात जा, जमलं तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सोबत न्या. उन्हाने उतरलेली छटा कोडमध्ये नसते. साधा पांढरा किंवा लाल रंग घरी जुळतो. सिल्व्हर आणि मोत्याची झाक असलेला पांढरा हे रंग कणांच्या पसरण्यावर अवलंबून असतात, हात जरा जड पडला की ठिगळ दिसतं. दाराच्या खालच्या भागात चालेल, बॉनेटच्या मधोमध असेल तर पेंटरकडे द्या.

मास्किंग टेपची कड सपाट चिकटवू नका, आतल्या अंगाला वळवून ठेवा, म्हणजे रंगाची कडक रेघ पडत नाही. स्प्रेचा डबा २० ते २५ सेंटिमीटरवर धरून पातळ हात मारा, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. रंगावर दुधाळ पांढरट झाक आली तर घाबरू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. फवारणी थांबवा, ऊन चढून हवा कोरडी होऊ द्या. मंद उडणारं थिनर वापरलं की हे टळतं. झाक सुकून बसली असेल तर १००० नंबरने घासून पुढचा हात मारा.

हार्डनर मिसळून फवारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि तसाच क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घरी मारू नका, हे कळकळीने सांगतोय. त्यांच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने आयुष्यभराचा दमा जडू शकतो. साधा मास्क त्याला अपुरा पडतो, पेंट बूथमध्ये कारागिराला बाहेरची हवा पुरवणारं साधन लागतं. साध्या डब्यातला क्लिअर त्यामानाने नाजूक असतो, पेट्रोल सांडलं तर मऊ पडतो, पण दाराच्या खालच्या कडेला तो पुरतो. अधिक टिकाऊ हवा असेल तर इपॉक्सीपर्यंतचं काम घरी करा आणि शेवटचा रंग पेंटरकडून मारून घ्या. माझा सल्ला बहुतेकांना हाच असतो: गंज काढण्याची चिकाटी घरचा माणूस दाखवतो, चकाकी पेंटर चांगली देतो.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. पडवीत काम करत असाल तर चूल, शेगडी, देवापुढची समई, सगळं विझलेलं पाहिजे.

रंगानंतर दोन दिवसांनी १५०० आणि २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून हलका फिरवा, मग रबिंग कंपाउंड. मेणाचं पॉलिश महिनाभर लावू नका, रंग पूर्ण सुकायला तेवढा वेळ लागतो.

पत्र्याची मागची बाजू

रंग सुकला की दारात आणि रनिंग बोर्डमध्ये पोकळ भागांसाठी मिळणारं संरक्षक मेण लांब नळीने फवारा. ते फटीत झिरपतं आणि मऊ राहतं, म्हणून तडकत नाही. फवारून झाल्यावर निचऱ्याची भोकं पुन्हा मोकळी करा. जळकं ऑइल गाडीच्या तळाला फासण्याची जुनी सवय सोडा. ते रबराचे बुश फुगवतं, ब्रेकवर गेलं तर धोका, आणि पहिल्या पावसात विहिरीच्या वाटेला लागतं. गंजावर थेट डांबरी अंडरकोट मारणं तर त्याहून वाईट, कारण ओल आत कोंडते आणि वरून सगळं काळं, छान दिसत राहतं.

मुंबईहून गणपतीला, शिमग्याला येणाऱ्यांची गाडी गावच्या घरी महिनोन् महिने उभी असते. तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. आतली दमट हवा अडकते आणि टप, दारं, डिकी सगळीकडे एकदम फोड येतात. छप्पर असेल तर उघडी ठेवा, नसेल तर हवा खेळणारं कापडी आवरण घाला. उभी करण्याआधी तळ आणि मडगार्ड गोड्या पाण्याने धुवा, गाडी अर्धा तास चालवून सुकवा, मगच आवरण घाला. घरात कुणी असेल तर पावसात महिन्यातून एकदा दारं उघडायला आणि खालची भोकं बघायला सांगा.